घरी बघायला काय आहे?

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या वाचनालयात वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाच्या वरच्या भिंतीवर एक पान टाचलेलं असतं. वर मोठ्या अक्षरात ‘घरी बघायला काय आहे?’ आणि खाली अलीकडे टीव्हीवर-मोबाइलवर आलेल्या एकदोन सिनेमांबद्दल चार शब्द. ते पान मी लिहिते. पैसे मिळत नाहीत, मिळतील अशी आशाही नाही. ग्रंथपाल एकदा म्हणाले, “बाई, येवढं बघता तर लिहा की थोडं, आम्हाला पण कळू दे,” आणि मी लिहू लागले.

अशा पानाची गरज बेळगावात जास्त आहे. पुण्या-मुंबईत हाउसफुल्लचे बोर्ड लागलेला मराठी सिनेमा इथे आलाच तर दुपारच्या एखाद्या खेळाला येतो आणि पुढच्या शुक्रवारी कन्नड, तेलुगू किंवा हिंदी काही मोठं लागलं की उतरतो. हौशी मंडळी गाडी काढून कोल्हापूर गाठतात. बाकीचे वाट बघतात. 2025 च्या सप्टेंबरात कर्नाटक सरकारनं तिकिटाला 200 रुपयांची कमाल मर्यादा घातली, तेव्हा आमच्या टेबलावर आठवडाभर तीच चर्चा होती. मग हायकोर्टाची स्थगिती आली आणि चर्चा मिटली. पण खेळच नसेल तर तिकीट स्वस्त होऊन उपयोग काय? मराठी सिनेमाचं खरं थिएटर आमच्याकडे घरातला हॉल आहे.

आणि हॉल म्हणजे काय, तर आमचाच घ्या. शेजारी विजेवर चालणारे दोन माग. दिवसभर खडखडाट, दिवेलागणीनंतर शांत. घरात सासूबाई, त्यांना आम्ही सगळे आत्या म्हणतो. त्यांचं माहेर आंबोली घाटाखालचं दाणोली. धाकटी जाऊ धारवाडची, मराठी आता फर्डं बोलते, पण राग आला आणि हसू आलं की कन्नड. तिचा मुलगा चौथीत. दोघे पुरुष उशिरा येतात आणि पहिल्या पंधरा मिनिटांत काय झालं ते विचारतात. वर्तमानपत्रातली परीक्षणं या घरासाठी लिहिलेली नसतात. दिग्दर्शन कसं, छायाचित्रण कसं, उत्तरार्ध रेंगाळतो का, सगळं त्यांत असतं. पण हा सिनेमा मागाच्या आवाजात कळेल का, आत्यांच्या शेजारी बसून बघता येईल का, जेवायला कुठे थांबावं, हे कोण सांगणार?

माझं काम शुक्रवारी सुरू होतं. त्या आठवड्यात कुठल्या ॲपवर काय आलं ते आधी बघते. यात एक गंमत आहे, ती आमच्यासारख्या दुभाषी घरांनाच कळते. थिएटरात लागलेला सिनेमा घरी यायला किती दिवस लागणार हे भाषेवर ठरतं. हिंदी सिनेमा मोठ्या मल्टिप्लेक्समध्ये लावायचा तर आठ आठवडे घरी आणायचा नाही, असा त्यांचा आग्रह असतो. दक्षिणेच्या भाषांत चार आठवड्यांवर भागतं. ‘कांतारा चॅप्टर 1’ हा सिनेमा 2 ऑक्टोबर 2025 ला सगळ्या भाषांत एकदम लागला. 31 ऑक्टोबरला कन्नड आवृत्ती प्राइम व्हिडिओवर हजर, हिंदी मात्र नोव्हेंबरच्या शेवटाला. तिकडे पुण्यातली माझी बहीण हिंदीची वाट बघत बसली आणि आम्ही दिवाळीचा फराळ संपायच्या आत मूळ कन्नडमध्ये बघून मोकळे. सीमाभागात राहण्याचे फायदे मोजायला बसलं तर यादी फार लांबत नाही. हा एक त्यात नक्की घालावा.

निवड झाली की पहिल्यांदा सिनेमा मी एकटी बघते. दुपारी, जेवणं आवरल्यावर, फोन स्वयंपाकघरात ठेवून. शंभर पानी वही मांडीवर. वहीत कथा लिहीत नाही, वेळा लिहिते. किती मिनिटांवर कोणी हळू आवाजात महत्त्वाचं बोललं, कुठे अंधार, कुठे मुलाला पाणी आणायला पाठवावं लागेल, कुठे गोष्ट जरा श्वास घेते. आपले बहुतेक सिनेमे मध्यंतर धरून लिहिलेले असतात. ॲपवर ती ‘मध्यंतर’ची पाटी पुष्कळदा गाळलेली असते, पण गोष्टीतली खाच तिथेच असते. ती सापडली की ‘जेवण इथे करा’ असं लिहिता येतं. आत्या साडेआठला जेवतात, त्यात बदल नाही. पडद्यावर कोणी मरत असलं तरी.

‘वाळवी’ला मात्र मी ‘जेवून मगच बसा’ असं लिहिलं होतं. परेश मोकाशींचा हा 2023 चा सिनेमा. बायकोला संपवून आत्महत्येचा देखावा उभा करायचा नवऱ्याचा आणि त्याच्या मैत्रिणीचा बेत, आणि पुढे तो बेत कसकसा उसवतो. लांबी फार नाही, पण पाच मिनिटं उठून गेलात तर परत आल्यावर विचारत बसावं लागतं, आणि सांगणाऱ्याचंही पुढचं हुकतं. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं, हे पानावर मी शेवटच्या ओळीत लिहिलं. आमच्या टेबलावरच्या लोकांना पारितोषिकाचं कौतुक आहे, नाही असं नाही, पण आधी त्यांना कळायला हवं की नातवंडांना झोपवून बघायचाय की बरोबर घेऊन.

आता आवाजाचं. घरी बघणाऱ्यांची सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि ती बहुतेकदा स्वतःच्या कानांवर ढकलली जाते. ‘वय झालं वो, बोललेलं कळत नाही’ असं मला वाचनालयात कितीतरी जणांनी सांगितलंय. प्रत्येक वेळी दोष कानांचा नसतो. थिएटरात संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. संगीत, पाऊस, ढोल बाजूच्या आणि मागच्या स्पीकरांत वाटून दिलेलं असतं. घरच्या टीव्हीला दोन लहान स्पीकर, तेही पुष्कळदा खाली किंवा भिंतीकडे तोंड करून बसवलेले. पाचसहा वाटांनी यायचं ते सगळं त्या दोन स्पीकरांत कोंबलं जातं आणि पहिला बळी संवादांचा जातो. मग आपण आवाज वाढवतो, तेवढ्यात मारामारी सुरू होते, घर हादरतं, आणि रिमोटसाठी झटापट.

यावर दोन उपाय आहेत, ते मी एकदा पानभर लिहून काढले होते. ॲपमध्ये भाषा निवडतो तिथेच पुष्कळदा एकाच भाषेचे दोन पर्याय दिसतात, एकापुढे 5.1 लिहिलेलं असतं. टीव्हीला वेगळे स्पीकर जोडलेले नसतील तर ते सोडून दुसरा घ्यायचा. आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये संवाद उठावदार करणारा एखादा पर्याय असतो, दर कंपनीचं नाव वेगळं, ‘व्हॉइस’ किंवा ‘डायलॉग’ हा शब्द त्यात असला की तोच. चित्राच्या सेटिंगमध्येही हालचाल गुळगुळीत करणारं एक बटण कारखान्यातूनच चालू येतं. क्रिकेटला ते बरं, पण सिनेमा त्यानं लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसायला लागतो. बंद करा. आमच्या गल्लीत हे बंद करत मी घरोघर फिरलेय. एका काकूंनी चहाबरोबर कुंदा दिला आणि म्हणाल्या, “आता नट जरा माणसात आल्यागत दिसुलालाय.”

नेटचं काय सांगावं? जून-जुलैत आमच्याकडे पाऊस लागला की लागला. केबलवाल्याची वायर कुठेतरी झाडाखाली तुटते आणि लोक मोबाइलचं नेट टीव्हीला जोडतात. चांगल्या चित्राला तासाला साधारण 3 जीबी लागतात, साध्या चित्राला 1 च्या आसपास. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर चांगल्या चित्रातला सिनेमा मध्यंतरापर्यंतही पोचत नाही. म्हणून पावसाळ्यातल्या पानांवर ‘आदल्या दिवशी उतरवून ठेवा’ ही ओळ कायमची.

दुसऱ्यांदा सिनेमा घरच्यांबरोबर बघते. खरं तर तेव्हा मी सिनेमा बघतच नाही, माणसं बघते. कोण कधी चुळबुळ करतं, कोण फोन उचलतं, कुणाचे हात काम करता करता थांबतात. शेंगा सोलता सोलता आत्यांचा हात थांबला की मी वहीत वेळ टिपते. समीक्षेच्या भाषेत यालाच ‘पकड’ म्हणत असावेत.

‘सू फ्रॉम सो’ हा कन्नड सिनेमा आला तेव्हाची रात्र माझ्या वहीत चांगली चार पानं भरून आहे. 2025 च्या जुलैत लागलेला, जे. पी. तुमिनाड यांचा. मंगळूरकडच्या किनाऱ्यावरचं गाव, एका पोरात भूत शिरल्याची बोंब होते, आणि सगळं गाव कामधंदा सोडून त्याच्या मागे. भूत सोमेश्वरच्या सुलोचनाचं, म्हणून ‘सू फ्रॉम सो’. गोष्ट एवढीशीच, मजा सगळी बोलण्यात. आणि बोलणं किनारपट्टीच्या कन्नडमध्ये, जे आमच्या धारवाडच्या जाऊबाईंनाही थोडं परकं. तरी पहिल्या दहा मिनिटांत ती वाक्य संपायच्या आधी हसायला लागली. खाली इंग्रजी सबटायटल पळत होती, आत्यांना त्यांचा उपयोग शून्य. त्यांना कन्नड बाजारापुरतं येतं, भाजी आणि बसच्या तिकिटापुरतं.

“असं का हसुलालीस गं? काय म्हणुलालाय त्यो?”

“काही नाही आत्या, तो म्हणतो…” आणि ती अर्धं सांगते, तोवर पुढचा विनोद येतो, मग पुन्हा हसू, मग “अय्यो थांबा” आणि रिमोट. सव्वादोन तासांचा सिनेमा आम्ही तीन तासांच्या वर बघितला. पण गावातली ती माणसं, प्रत्येकाच्या भानगडीत नाक खुपसणारी, पुढे पुढे करणारी, ती आत्यांना शब्दांविना कळली. “हा आमच्या दाणोलीतलाच कोणतरी,” असं त्या एका पात्राकडे बोट दाखवून म्हणाल्या. मी पानावर लिहिलं: ‘कन्नड येणारं एक माणूस शेजारी बसवा. मूल आठ-दहा वर्षांचं असेल तर अंधाराला घाबरेल, पण हसेल जास्त.’ तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ येऊन म्हणाले, आमच्या घरी कन्नड येणारं कोणी नाही, शेजारच्या मुलीला बोलावलं, तिच्याबरोबर तिची आई आली, मग चहा-पोहे झाले. सिनेमा आवडला का विचारलं तर म्हणाले, “गर्दीत नीट बघितलाच नाही.”

‘दशावतार’च्या वेळी दुभाषाची खुर्ची आत्यांकडे गेली. सुबोध खानोलकरांचा हा सिनेमा 12 सप्टेंबर 2025 ला लागला, दोनेक महिन्यांनी झी फाइव्हवर आला. दिलीप प्रभावळकर ऐंशी ओलांडून एका दशावतारी कलावंताच्या भूमिकेत. कोकणातलं गाव, जमिनीवर डोळा ठेवून आलेली माणसं, आणि मालवणी. चौथीतला मुलगा शहरी मराठीवर वाढलेला, त्याला ‘खंय’ आणि ‘कित्याक’ हे कळेना. आत्या मात्र सरळ होऊन बसल्या. लहानपणी जत्रेत रात्रभर बसून बघितलेला दशावतार त्यांच्या अंगात मुरलेला. आधी गणपती, मग संकासुर, मग आख्यान, हा क्रम त्या मुलाला समजावत होत्या आणि मी दोघांनाही गप्प करायच्या भानगडीत पडले नाही. पुरुषच स्त्रीपार्ट करतात, लेखी संहिता नसते, संवाद रंगमंचावरच सुचत जातात, हे सगळं त्याला आजीच्या तोंडून कळलं. हे ज्ञान कुठल्या परीक्षणात मिळालं असतं?

सिनेमावर माझं मत त्यांच्याइतकं भरभरून नव्हतं. प्रभावळकर चेहऱ्यावर रंग चढवतात ते प्रसंग मी पुन्हा बघेन. पण सूड सुरू झाल्यावर सगळं जरा ठरल्या वाटेनं जातं, आणि खलनायक आल्या आल्या ओळखू येतात. घरच्या पडद्यावर आणखी एक अडचण: रात्रीच्या रानातले प्रसंग. दिवसा खिडकीचा उजेड टीव्हीवर पडला की काळ्या काचेत आपलंच तोंड दिसतं. म्हणून लिहिलं: ‘रात्री, दिवा मालवून, मालवणी जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांबरोबर.’ आत्यांना पान वाचून दाखवलं. “ठरल्या वाटेचं कशाला लिहिलंस? देव शेवटी जिंकतोच की,” असं म्हणून त्यांनी दोन दिवस माझ्याशी जरा तुटकच धरलं.

बरोबर बसून बघणं हा घरातला खरा पेच. थिएटरात अंधार असतो, नजरा चुकवता येतात. हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली सासू, सून, दीर, मूल एका रांगेत. ॲपवर सिनेमा सुरू होताना कोपऱ्यात वयाची पाटी येते, 2021 च्या नियमांनंतर ती सक्तीचीच झाली: यू, मग 7, 13, 16 वर्षांवरचे, आणि प्रौढांसाठी ए. पुढे 2024 च्या शेवटापासून सेन्सॉर बोर्डानंही थिएटरच्या दाखल्यांत यूएचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्यानं बघायच्या सिनेमांचे, असेच तीन भाग केले. पाटीवर हिंसा, भाषा असं कारणही लिहितात. पाटी कामाची आहे, पण ती मुलांपुरती. सुनेला सासूसमोर काय अवघड वाटेल, याची पाटी सरकार कशी काढणार? ते काम माझ्या वहीतल्या वेळांचं. ‘एक तास दहा मिनिटांनंतर चहा टाकायला उठा’ असं मी एका सिनेमाबद्दल लिहिलं होतं. त्या रविवारी गल्लीत एकाच वेळी बऱ्याच घरांत चहा झाला म्हणतात.

एकट्यानं बघायचे सिनेमेही असतात. चैतन्य ताम्हाणे यांचा, शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या तरुणाची गोष्ट सांगणारा ‘द डिसायपल’ तसा. 2021 पासून नेटफ्लिक्सवर आहे, म्हणजे नवा नव्हे, पण आमच्या टेबलावर गाणं ऐकणारे बरेच. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून जवळच, पलीकडे धारवाडची सगळी परंपरा. या माणसांना मी लिहिलं की कानांना हेडफोन लावा, दार लोटा, आणि दोन तास कोणाला उत्तर देऊ नका. हॉलमध्ये लावला असता तर अर्ध्या तासात कोणीतरी ‘पुढे ढकल की’ म्हटलं असतं, आणि ते त्या माणसाच्या दृष्टीनं बरोबरच होतं. उलट ‘बाईपण भारी देवा’ एकटीनं दुपारी बघितला तर तो अर्धाच उरतो. सहा बहिणी, मंगळागौर, थिएटरात बायका घोळक्यानं गेल्या त्यात अर्धी मजा होती. त्यावर मी एवढंच लिहिलं: ‘शेजारणींना बोलवा, नाहीतर बघू नका.’ चांगला सिनेमा आणि घरी चांगला लागणारा सिनेमा हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि माझं पान दुसऱ्या हिशेबाचं.

पान लिहायला शनिवारची रात्र. एकच बाजू, अक्षर मोठं, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना चष्मा बदलायचा राहिलेला असतो. वर भाषा, लांबी, कुठे आहे ते. मग कोणाबरोबर, कधी, जेवण कुठे. मग आवाज कसा आहे. माझं मत सगळ्यात खाली, तीनचार ओळी, शेवट न फोडता. एक निवृत्त गुरुजी दर आठवड्याला अडवतात, “बाई, स्टार द्या की वो, पाचातले तीन, साडेतीन, काहीतरी. एवढं वाचायला कुणाला सवड हाय?” मी देत नाही. तीन स्टार कोणाच्या घरचे? मागाशेजारच्या की दार बंद करता येणाऱ्या खोलीतले? गुरुजी मान हलवतात आणि पूर्ण पान वाचतात. सवड असते त्यांना.

‘कांतारा’च्या पानावरून मात्र घरातच फाटलं. पावणेतीन तासांहून लांब, आवाज प्रचंड, दाखला 16 वर्षांवरच्यांसाठीचा, त्यामुळे चौथीतल्याला आधीच बाहेर काढावं लागलं आणि त्यानं दाराआडून अर्धा ऐकलाच. माझ्या मते आमच्या हॉलमध्ये तो सिनेमा मावत नाही. दैव, म्हणजे तिकडचे राखणदार देव, अंगात येण्याचे जे प्रसंग छातीत घुमायला हवेत, ते दोन लहान स्पीकरांत चिरकतात. आणि मधला राजवाड्याचा भाग मला घरी फार लांबट वाटला. मी ‘ज्यांनी थिएटरात चुकवला त्यांनी हळहळावं’ असं लिहिलं. जाऊबाईंनी ते वाचलं आणि पेन मागितलं. वाचनालयात कन्नड वाचणारेही येतात, ते माझ्या पानाकडे नुसते बघून पुढे जातात, हे तिचं म्हणणं बरेच दिवस होतं. त्या रात्री तिनं पानाचा खालचा अर्धा भाग आखून घेतला आणि कन्नडमध्ये लिहिलं. शेवटी मोठ्या अक्षरात ‘भाळ चलो ऐती’, म्हणजे फार छान आहे, आणि खाली ‘घरीच बघा, दोनदा बघा’.

ग्रंथपालांनी पान टाचलं. वर मी, खाली ती, दोन मतं, दोन लिप्या. गुरुजी वरचं वाचून खाली आले, त्यांना कन्नड चांगलं येतं, नोकरी सगळी चिकोडीकडे झालेली. “मग बघू की नको बघू?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्या टीव्हीला वेगळे स्पीकर आहेत का? नाहीत म्हणाले. जाऊबाईंनी मागून सांगितलं, तरी बघा. आता पुढच्या आठवड्यापासून खालचा अर्धा भाग तिचा.